घरबसल्या डॉलर कमवायचेत ना?

घरून काम मिळवायचं तर पहिलं पथ्य एकच : जाहिरात वाचायची नाही. 'रिमोट' एवढं दिसलं की अर्ज ठोकून मोकळं व्हायचं. खाली बारीक अक्षरांत 'फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी' असं असतं, ते त्यांच्या वकिलांच्या समाधानासाठी. परदेशात माणूस नेमला की तिथला कर, तिथले कामगार कायदे, तिथली पगाराची व्यवस्था सगळं कंपनीच्या गळ्यात पडतं. म्हणून बऱ्याच कंपन्या मोजक्याच देशांत माणसं घेतात, नाहीतर मधल्या एखाद्या संस्थेमार्फत घेतात. असलं काही कुणी सांगायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तुमचा रेझ्युमे बघितला की ते कायदाच बदलतील.

'रिमोट' लिहून पुढे 'आठवड्यातून तीन दिवस हिंजवडी' असं असेल, तरी सोडू नका. हिंजवडीचा चौक ओलांडेपर्यंत निम्मं काम गाडीतच होतं. ऑफिसबाहेर झालं, म्हणजे झालंच की रिमोट.

अर्ज किती करावेत? मोजू नयेत. लिंक्डइनवरचं 'ईझी अप्लाय' हे रात्री जेवणं झाल्यावर, मालिका बघता बघता अंगठ्याने दाबण्यासाठीच केलेलं आहे. रेझ्युमे एकच ठेवा. जागा टेस्टिंगची असो की कंटेंट रायटिंगची, माणूस तर तुम्हीच. कव्हर लेटर चॅटजीपीटीकडून घ्या आणि त्यातलं 'इथे कंपनीचं नाव लिहा' तसंच राहू द्या. प्रामाणिकपणा दिसतो.

एवढं करूनही कुणी विचारलं नाही, तर टेलिग्राम आहेच. तिथे एचआर मॅडम स्वतःहून मेसेज करतात. मुलाखत नाही, अनुभवाची अट नाही. यूट्यूबवरचे व्हिडिओ लाइक करायचे, लाइकमागे पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच खात्यात येतात आणि घरात 'बघा, म्हणत नव्हतो?' असं ठणकावून सांगता येतं. मग येतो 'प्रीपेड टास्क'. आधी पाच हजार भरा, सात घ्या. मग तीस भरा. मग अडकलेले तीस सोडवायला लाख भरा. कामाचे पैसे मालकाने द्यायचे असतात, ही आजोबांच्या काळची समजूत आता सोडून द्या. फसलात तर निदान आठवडाभर ब्र काढू नका. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे आणि जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त, असं पोलीस कानीकपाळी ओरडून सांगतात. त्यांचं काय जातंय? मेहुण्यासमोर मान खाली घालून उभं तुम्हाला राहायचंय.

बरं, समजा ग्रह जुळले आणि फेब्रुवारीत एक खरीखुरी मुलाखत झाली. वेळ न्यूयॉर्कची सकाळी दहा, म्हणजे साडेदहा तास मिळवून आपले रात्रीचे साडेआठ. हे गणित एकदा करा आणि कॅलेंडरवर लाल पेनाने कायमचं लिहून ठेवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे जातात आणि तेच दहा आपल्याकडे साडेसातला वाजतात, ते थेट नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. पण त्यांच्या घड्याळाचे लाड आपण कशाला करायचे? दुसरी फेरी मार्चअखेर असेल, तर बरोब्बर साडेआठलाच लिंक उघडा. समोर कुणी नसेल. कसलं दडपण म्हणून येणार नाही.

जागा म्हणाल तर हॉल. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही आणि राउटर हलवायचा तर टीव्हीमागची वायर सोडवावी लागते, ती सोडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. लॅपटॉप मांडीवर घ्या, म्हणजे मुलाखतकाराला तुमची हनुवटी, दोन्ही नाकपुड्या आणि डोक्यावर फिरणारा पंखा एका दमात दिसेल. खिडकीकडे पाठ करून बसा. चेहरा काळाठिक्कर दिसला की फक्त गुणवत्तेवर निवड होते. पार्श्वभूमी धूसर करायला विसरू नका. त्या सोयीची मजा अशी की मावशी तांदूळ निवडायला सूप घेऊन मागून गेल्या, तर आधी नुसता हात दिसतो, मग अर्धं सूप, मग हवेत लोंबकळल्यासारखा पदर, आणि सगळ्यात शेवटी मावशी. या गडबडीत तुमचा उजवा कान जो नाहीसा होतो, तो मुलाखत संपेपर्यंत परत येत नाही.

घरच्यांना आधी सांगून ठेवा. न सांगता बसलात तर कुकरच्या शिट्ट्या होतात. सांगून बसलात तर कुकर बंद ठेवून सगळं घर कॅमेऱ्याच्या मागे ओळीने ऐकायला बसतं. बाबा हाताने 'जरा मोठ्यानं बोल' अशा खुणा करतात. आई प्रत्येक उत्तरानंतर तुमचा चेहरा वाचते. इचलकरंजीत राहत असाल आणि शेजारी यंत्रमाग असेल तर फारच उत्तम, खडखडाटात इंग्रजीच्या चुका खपून जातात. पुण्यात असाल तर मुलाखत गुरुवारी मागून घ्या, कारण दुरुस्तीसाठी वीज घालवायचा तो मानाचा वार. इन्व्हर्टरवर पंखे चालतात, राउटर चालत नाही. तेवढं कनेक्शन जोडून द्यायचं इलेक्ट्रिशियनला गणपतीपासून सांगायचं राहून गेलंय. मोबाइलचा हॉटस्पॉट आधी लावून बघणं, हेडफोन तपासणं, मित्राला कॉल करून आवाज कसा येतो ते विचारणं, ही भित्र्या माणसाची लक्षणं.

प्रश्न सुरू झाले की कायम 'आम्ही' म्हणा. आम्ही सिस्टीम बांधली, आम्ही प्रॉब्लेम सोडवला. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणारा आगाऊ ठरतो, आणि ते संस्कार डॉलरसाठी सोडायचे नसतात. त्यात तुम्ही नेमकं काय केलंत, असं समोरच्याने तीनदा विचारलं तरी 'टीमवर्क' यापलीकडे तोंड उघडू नका. (खरं सांगायचं तर आपली चांगली चांगली पोरं इथेच मार खातात, इंग्रजीत नाही.) उत्तरं दुसऱ्या स्क्रीनवर एआयकडून लिहून घ्या आणि वाचा. डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असे टेनिसच्या प्रेक्षकासारखे फिरताना मुलाखतकाराला मुळीच दिसत नाहीत. त्याने मध्येच 'हे असंच का केलंत?' असं विचारलं तर 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये' हा मंत्र अजून चालतो.

घरून चालणाऱ्या कंपनीत बरंचसं काम लिहूनच चालतं, त्यामुळे तुमची ईमेल ते फार बारकाईने वाचतात, अशी एक अफवा आहे. दुर्लक्ष करा. वेळ ठरवणाऱ्या चार ओळींच्या पत्राला 'ओके सर' पुरे, मग पत्र लिहिणारी बाई का असेना. गिटलॅब या घरूनच चालणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीने आपण कसं काम करतो याचं हजारो पानांचं हँडबुक इंटरनेटवर फुकट ठेवलंय. फुकट आहे म्हणजे त्यात काय असणार?

शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? 'नो सर' म्हणा आणि हसा. काम किती ते किती वाजेपर्यंत, लॅपटॉप कोण देणार, नोकरी म्हणून घेताय की कॉन्ट्रॅक्टर म्हणून, असले प्रश्न विचारून शुभकार्यात अपशकुन करू नका. कॉन्ट्रॅक्टर असाल तर पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही. आगाऊ कर तुम्हीच भरायचा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, आणि परदेशी बिलावर जीएसटी भरावा लागू नये म्हणून दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र. हे सगळं मार्चअखेर सीए सांगेलच, जरा आवाज चढवून सांगेल. तोवर पगाराचा आकडा डॉलरमध्ये घ्या, त्या दिवशीच्या भावाने गुणा, बाराने गुणा आणि सोसायटीत पेढे वाटून टाका.