हॅरी लाइम कुणाचा?

"तिरका कॅमेरा, लांबच लांब सावल्या... ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' पाहिलाय ना? 'थर्ड मॅन' वेल्सनंच काढलाय, दिग्दर्शक म्हणून कॅरल रीडचं नुसतं नाव!" कट्ट्यावर टेकायच्या आत वकिलानं निकाल देऊन टाकला.

शनिवारी भाऊच्या गच्चीवर सगळ्यांनी एकत्रच पाहिला होता, त्यामुळे गोष्ट कुणी सांगत बसलं नाही. युद्धानंतरचं व्हिएन्ना, आणि तिथं भेसळीचं पेनिसिलिन विकणारा हॅरी लाइम, म्हणजे वेल्स.

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. "तुझा वेल्स पडद्यावर येतो कधी?"

"अहो काय एंट्री! अंधारा दरवाजा, पायाशी मांजर, समोरच्या खिडकीत दिवा लागतो आणि हा हसतो!"

"हो, पण तास उलटून गेल्यावर. तोवर तुला जागेवरून उठू दिलं नाही ते कुणी?"

मुद्दा अडला की वकिलाचा आवाज चढतो. "मास्तर, तुम्हाला मोठा माणूस बघवत नाही!" पलीकडचा पानवाला चुना लावता लावता थांबला.

मास्तरांचा आवाज होता तिथंच. "व्हिएन्नाच्या गटारात उतरायला तो नाखूश होता. त्याचं बरंचसं काम इंग्लंडात, शेपर्टन स्टुडिओत सेट लावून उरकलं. लांबून पळताना दिसतो तो कित्येकदा साहाय्यक दिग्दर्शक गाय हॅमिल्टन. आणि शेवटी जाळीतून वर आलेली ती बोटं? कॅरल रीडची स्वतःची."

वकील गप्प. पण किती वेळ? "बरं, जत्रेतल्या त्या मोठ्या चक्रातून उतरल्यावरचा संवाद? स्वित्झर्लंडनं जगाला काय दिलं, तर कुकू क्लॉक!"

"तो त्याचा. पटकथा लिहिणाऱ्या ग्रॅहम ग्रीननंच तसं लिहून ठेवलंय. फक्त ती घड्याळं स्वित्झर्लंडची नव्हेत, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची. एक संवाद घातला, त्यातही पत्ता चुकला."

पम्यानं मोबाइलवर सिनेमातलं झिथर लावलं. अख्ख्या सिनेमाला तेवढं एकच तारवाद्य, आणि ते वाजवणारा आंटोन कारास व्हिएन्नात दारूच्या गुत्त्यांतून वाजवून पोट भरणारा. रीडनं त्याला हेरून थेट लंडनला नेला. खून, दफन, पाठलाग, सगळ्यावर ती खेळकर तार. दुसऱ्या कुणी व्हायोलिनचा ताफा बसवला असता.

"ते राहू दे," भाऊ म्हणाला. त्याचं औषधाचं दुकान, त्याला झोंबलं होतं पेनिसिलिन. "भेसळीचं इंजेक्शन टोचलेली ती पोरं एकदाही दाखवत नाहीत. नुसती पाळण्यांची रांग, आणि नर्स एक अस्वल उचलून टाकून देते. मला घास गेला नाही रे त्या रात्री." तेवढ्यापुरतं कुणीच काही बोललं नाही.

ऑस्कर मिळालं ते छायाचित्रणाला, रॉबर्ट क्रास्करला. युद्धात फुटलेल्या शहराचे फरशीचे रस्ते पाण्यानं भिजवून त्यावर दिवे पाडणारा माणूस! त्याचं नाव आपल्या तोंडी नाही आणि वेल्सची मात्र आरती, याची मला खरंच चीड येते.

वकिलानं मोर्चा वळवला. "शेवट मात्र फसलाय. लाइमची प्रेयसी इतका वेळ थांबलेल्या त्याच्या मित्राकडे बघतसुद्धा नाही?"

"ग्रीनलाही गोड शेवटच हवा होता. रीड हटला नाही. पुढे ग्रीननं छापून कबूल केलं की रीडच बरोबर ठरला." मास्तरांनी पेला खाली ठेवला. "झाडांमधला सरळ रस्ता, ती लांबून चालत येते, पानं गळतायत, कॅमेरा जागचा हलत नाही. ती निघून जाते. तो सिगारेट पेटवतो. याला हिंमत लागते. वेल्सनं स्वतः दिग्दर्शक बोग्दानोविचला सांगितलंय, सिनेमा रीडचा. अशिलानंच कबुली दिल्यावर तू कसला भांडतोस?"

"सगळं दिग्दर्शकाचंच म्हणा! तुम्ही गणपतीतल्या एकांकिकेपासून माझ्यावर खार खाऊन आहात."

"खाणारच. महिनाभर तालीम मी घेतली, दिवे मी लावले. तू शेवटच्या प्रवेशात आलास, चार वाक्यं बोललास, त्यातली दोन विसरलास आणि कप घेऊन गेलास!"

"आणि तो कप अजून याच्या ऑफिसात अशिलांच्या समोर ठेवलाय," भाऊनं भर घातली.

पम्याला ठसका लागला, चहा शर्टावर. वकील तणतणत उठला तसे सगळे एका सुरात ओरडले, "चहाचे पैसे!"