दोन वर्षांच्या लेकराला २४ तुकडे देऊ नका

गेल्या महिनाभरात एकच मजकूर आमच्या गल्लीच्या, बालवाडीच्या आणि भिशीच्या ग्रुपवर फिरून आलाय. त्यात चार दावे आहेत. जिगसॉ कोड्यानं, म्हणजे तुकडे जोडून चित्र लावायच्या खेळानं, मुलाचा बुद्ध्यांक वाढतो हे सिद्ध झालंय. दोन वर्षांच्या मुलाला रोज २४ तुकड्यांचं कोडं द्यावं. ते लावताना मोठ्यांनी बोलू नये. आणि बोललंच तर इंग्रजीत, कारण घरात मराठी-कानडी मिसळलं की मेंदू गोंधळतो. मी बेळगावात बालवाडी चालवते, म्हणून आया मलाच विचारतात, ‘बाई, खरं काय हे?’

बुद्ध्यांकाचं आधी. शिकागो विद्यापीठातल्या सुझान लेव्हाइन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यांनी ५३ मुलांना २६ ते ४६ महिन्यांच्या वयात पालकांबरोबर घरी खेळताना पाहिलं. कोडी खेळणारी मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनातल्या मनात फिरवून जोडण्यात सरस निघाली. ती परीक्षा बुद्ध्यांकाची नव्हती, आणि हे कोड्यांमुळेच घडलं असंही त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. कोडी चांगलीच आहेत, मी रोज वापरते. पण ‘सिद्ध झालंय’ म्हणून आईबापांच्या जिवाला घोर लावणं मला पटत नाही.

२४ तुकडे तर नकोच. सुरुवातीची जिगसॉ कोडीसुद्धा एवढ्या लहानांसाठी नव्हती; १७६० च्या दशकात लंडनचे जॉन स्पिल्सबरी नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापायचे, ते शिकत्या मुलांना भूगोल कळावा म्हणून. दोन वर्षांच्या लेकराला खुंटीचा लाकडी पाट पुरे, एका खाचेत एक चित्र. मग दोन तुकडे, मग तीन. आणि तोंडात मावेल एवढा तुकडा तीन वर्षांखाली हातात देऊच नका, घशात अडकतो. विकत घेताना आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

गप्प बसायचा सल्ला मात्र मला सगळ्यात जास्त खुपतो. त्याच शिकागोच्या अभ्यासात मुलं आणि मुली सारख्याच वेळा कोडी खेळत होती. पण मुलग्यांसोबत खेळताना आईबाप वर, खाली, कड, कोपरा असे शब्द जास्त वापरत होते. म्हणजे मुलींच्या वाट्याला बोलणं आधीच कमी, त्यात हा मजकूर तेही बंद करा म्हणतो!

परवाचीच गोष्ट. सव्वादोन वर्षांची एक पोर, बाबा मराठी, आई कानडी. जुन्या कॅलेंडरातली लाल बस मी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवून तीन तुकडे केले होते. तिनं चाकांचा तुकडा उलटा ठेवला आणि बसेना म्हणून वरून मुठीनं दाबायला लागली. मी हात लावला नाही. नुसतं विचारलं, ‘चाकं कुठं गेली गं?’ तिनं वाकून बघितलं. ‘वर.’ ‘बसची चाकं कुठं असतात?’ ती गप्प. तेवढ्यात तिला न्यायला आलेली आजी दारातून म्हणाली, ‘तिरुगिसु, पुट्टी.’ म्हणजे फिरव. पोरीनं तुकडा फिरवला.

आता सांगा, कुठं गोंधळला मेंदू? दोन भाषांत वाढणारी मुलं एका वाक्यात दोन्हीकडचे शब्द वापरतात, ते गोंधळ म्हणून नव्हे. जो शब्द हाताशी आला तो घेतात, आणि कुणाशी कुठली भाषा बोलायची हे लहानपणीच ओळखतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत आपण सगळे असेच वाढलो. ‘खाली’ आणि ‘केळगे’ दोन्ही कळणाऱ्या मुलाला घरात कुणालाच नीट न येणाऱ्या इंग्रजीत ‘डाउन’ एवढंच शिकवायचं, म्हणजे आजीला त्या खेळातून उठवायचं.

ती पोर आता दुसरं कुठलंही चित्र घेतलं, तुकडा अडला की आधी स्वतःशीच ‘तिरुगिसु’ म्हणते. लागला की माझ्याकडं बघून ‘बसलं, बाई!’