वर्षभराच्या मिशनला निघताना: बॅग भरण्याचा सातारी शिरस्ता

दक्षिण सुदानसारख्या देशात वर्ष-दीड वर्षाच्या मिशनसाठी तुमची निवड झाली असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही परिचारिका असा, पाणीपुरवठ्याचे अभियंते असा किंवा एखाद्या मदतसंस्थेचे हिशेबनीस असा, पोवई नाक्यावर तुमच्या छायाचित्राचा फ्लेक्स लागेपर्यंत बॅगेला हात लावण्याचे काही कारण नाही. संस्थेने पाठवलेली सामानाची यादी वाचण्याचीही घाई करू नये. ती यादी करणाऱ्यांना साताऱ्याची माणसे काय खातात याची सुतराम कल्पना नसते. विमान कंपनीने ठरवून दिलेल्या वजनापैकी किती किलो तुमचे आणि किती किलो आत्या, मावशी व शेजारच्या काकूंचे, हे ठरवण्याचा अधिकारही परंपरेने तुमच्याकडे नाही.

आरंभ कांदा-लसूण मसाल्याने करावा. तो किमान तीन किलो असावा आणि घरच्या रीतीप्रमाणे त्यात खसखस सढळ हाताने घातलेली असावी. तुमचे विमान दुबईमार्गे जाणार असेल तर फारच उत्तम. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, त्यामुळे ‘ही भाजून, वाटून मसाल्यात घातली आहे’ हे तिथल्या अधिकाऱ्याला समजावून सांगताना तुमच्या संभाषणकौशल्याचा कस लागेल. प्रवासात खोकला झाला तर असावे म्हणून, खसखशीप्रमाणेच अफूच्या झाडाशी नाते सांगणाऱ्या कोडिनच्या औषधाची बाटलीही, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, त्याच कप्प्यात ठेवावी. म्हणजे चौकशी एकाच खोलीत उरकते. सत्काराच्या नारळांचे खोबरे वाळवून त्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत घालण्याची सूचना कोणीतरी करेलच, ती मान्य करावी. सुके खोबरे हे संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत क्रमांक १३६३ वर, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात नोंदलेले आहे. पण आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळात ते आजवर कधी पेटलेले नसल्यामुळे ही यादी चुकीची आहे हे उघड आहे.

पाच किलो ज्वारीचे पीठ विसरू नये. दक्षिण सुदानचे मुख्य धान्य ज्वारीच आहे, आणि तिचे पीठ आंबवून केलेली किसरा नावाची पातळ भाकरी तिथे घरोघर होते, असे कोणी सांगू लागले तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. ती ज्वारी असेल, परंतु आपली शाळू नव्हे. परमुलखात राहायचे तर तिथले अन्न खावे असे मानणारे काही लोक मिरजेचा दाखला देतात. तिथे १८९४ साली कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी ख्रिस्ती मिशनचे रुग्णालय उघडले आणि आयुष्याची कित्येक वर्षे त्याच गावात काढली. मात्र वॉनलेससाहेब रोज भाकरी खात होते की पाव, हे दाखला देणाऱ्यांना सांगता येत नाही. तेव्हा तो दाखला बाद समजावा.

हे सर्व सामान बांधायचे कसे, याबाबतीत आपल्या घरांचा हात कोणी धरू शकणार नाही. मसाला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी उलटी करून दुसरीत, तिला दोन रबरबँड, त्यावर चिकटपट्टीचे पाच-सहा वेढे, मग तिसरी पिशवी आणि शेवटी तेल झिरपू नये म्हणून साडीच्या दुकानाची जाड पिशवी. मसाला, चटणी, पीठ, चकल्या आणि कंदी पेढे यांची अशी वेगवेगळी बांधणी झाली म्हणजे बॅगेत खाद्यपदार्थांपेक्षा प्लॅस्टिकच अधिक भरते. आता दक्षिण सुदानची राजधानी जुबा इथे जाणारे पुष्कळ लोक नैरोबीत विमान बदलतात, आणि काहींना तिथे मुक्कामही पडतो. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली असून कायद्यात ४० लाख शिलिंगांपर्यंत दंड किंवा ४ वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. प्रवाशाला सहसा तुरुंगात धाडत नाहीत, पिशव्या विमानतळावरच सोडायला सांगतात. म्हणजे तुम्ही आत्याची चिकटपट्टी दातांनी सोडवत बसलेले असाल, पाठीमागे रांग खोळंबलेली असेल, आणि पिशवीतून मोकळे झालेले तीन किलो तिखट कशात भरायचे हा प्रश्न तुमच्यासमोर उभा असेल. सुती कापडाच्या चार पिशव्या आणि झाकणाचे दोन स्टीलचे डबे नेले असते तर ही वेळ आली नसती. परंतु स्टीलला वजन असते, आणि ते वजन चकल्यांसाठी राखून ठेवलेले असते.

पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड ही दोन बोटे रुंदीची जागा व्यापणारी क्षुल्लक वस्तू आहे, म्हणून ती सर्वांत शेवटी आठवावी. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच जावे लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध धरले जाते. एकदा घेतली की जन्मभर पुरते, असा नियम २०१६ पासून आहे. तरीही निरोप समारंभ, कुलदैवताचे दर्शन आणि मामांकडचे जेवण यांतून सवड काढून ती उड्डाणाच्या आदल्या दिवशी घ्यावी. बरे, जाताना कोणी अडवले नाही तरी परत येताना गंमत शिल्लक राहतेच, कारण पीतज्वराच्या प्रदेशातून वैध कार्डाशिवाय आलेल्या प्रवाशाला भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचे तर नावच काढू नये. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची आणि परत आल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायची, हे ज्याला साताऱ्याच्या थंडीत मच्छरदाणीशिवाय झोप लागते त्याला कसे पटावे? आजीने तुळशीचा काढा सांगितला आहे, तेवढा पुरे.

पैशांच्या बाबतीत मात्र थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. आफ्रिकेतील अनेक देशांत डॉलरची नोट जुनी, म्हणजे २००६ पूर्वीच्या मालिकेची असली, तिला घडी पडलेली असली किंवा तिच्यावर शाईचा ठिपका असला, तर ती नाकारतात किंवा कमी भावाने घेतात. एवढे कळल्यावर तुम्ही कोऱ्या करकरीत नोटा मिळवाल आणि वहीच्या पानांत सपाट ठेवाल, इतपत विश्वास मला आहे. पुढचे काम घरचे करतात. त्या नोटा देवापुढे ठेवल्या जातात, वरच्या नोटेवर हळद-कुंकवाची बोटे उमटतात, मग आई त्यांची चौपदरी घडी करून छोट्या बटव्यात घालते आणि तो बटवा तुमच्या बनियनला आतून सेफ्टी पिनने टाचते. जुबाच्या बाजारातला सराफ ती शंभराची नोट उजेडात धरून कुंकवाच्या डागाकडे पाहील, तेव्हा त्याला आपल्या श्रद्धेविषयी थोडक्यात माहिती द्यावी.

कपड्यांविषयी एकच सूचना. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी हे गाव आहे आणि जवळपास प्रत्येकाचा कोणीतरी दाजी किंवा चुलतभाऊ फौजेत आहे. त्याने प्रेमाने दिलेली ठिपक्याठिपक्यांची लष्करी पँट प्रवासात अंगातच घालावी. युगांडासह काही आफ्रिकी देशांत सामान्य नागरिकाने असा कपडा घालणे बेकायदा आहे, त्यामुळे तुमच्याकडे सर्वांचे लक्ष वेधले जाईल. पॉवर बँक नियमाप्रमाणे हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, म्हणून ती चेक-इन बॅगेच्या तळाशी, पेढ्यांच्याही खाली ठेवावी. चष्म्याची दुसरी जोडी नेऊ नये. पहिली अजून फुटलेली नाही.

राहता राहिली ती घरी ठेवून जाण्याच्या वस्तूंची बाब, जिच्याकडे बॅग भरणारा माणूस स्वभावतःच पाहत नाही. कुलमुखत्यारपत्र करून जाणे अशुभ समजावे. तुमच्या गैरहजेरीत विकास सोसायटीच्या कर्जाचे नवे-जुने करायचे असेल किंवा वाटणीच्या कागदावर सही लागली, तर भाऊ तुम्हाला सुट्टी काढून यायला सांगेल, किंवा तुम्ही तिथून भारतीय दूतावासाच्या साक्षांकनासह कागद पाठवाल. दोन्हींत भावकीला वर्षभर पुरेल एवढा विषय आहे. तुमचे भारतीय सिमकार्डही सोबत नेऊ नये. ते जुन्या मोबाइलमध्ये घालून आईच्या हवाली करावे आणि रिचार्जचे कोणालाही सांगू नये. सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि शिल्लकही नसली, तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. तोवर मात्र बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येत राहील. जुबात बसून तुम्ही पैसे पाठवण्याचा प्रयत्न कराल, ओटीपीची मुदत काही मिनिटांची असेल, आणि इकडे आई फोन देवघरात चार्जिंगला लावून आरती म्हणत असेल. आरती झाल्यावर ती सावकाश चष्मा लावून तुम्हाला तो आकडा वाचून दाखवील, आणि नंतर विचारील की मसाला संपला असेल तर आणखी पाठवू का.