ज्या जागेचं गाणं, त्या जागेसाठी

रात्री ओटा आवरून झाला की गेले काही दिवस मी एकाच माणसाचं गाणं ऐकतेय. जॉर्ज हेल्म. हवाईतल्या मोलोकाई बेटावरचा. होनोलुलूत गोल्ड कॉइन नावाच्या ठिकाणी तो गिटार घेऊन गायचा, तिथंच लोकांसमोर झालेलं हे रेकॉर्डिंग. त्याचा अल्बम निघाला तेव्हा तो या जगात नव्हता. जाताना त्याला सत्तावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

हवाईयन गिटार म्हटलं की आपल्याला मांडीवर आडवी ठेवलेली, लोखंडी पट्टी फिरवून जुन्या हिंदी गाण्यांच्या चाली वाजवणारी गिटार आठवते. हेल्मची ती नव्हे. साधी गिटार आणि वर गळा. पुरुषाचा भरलेला आवाज चढत जातो, एका जागी चक्क तुटतो आणि पलीकडे पातळ, उंच होऊन निघतो. आमच्या गाण्याच्या बाई असा आवाज लागला की पेटी थांबवायच्या. "खोटा आवाज लावू नकोस, सांधा दिसता कामा नये." हवाईत त्या तुटण्याला स्वतःचं नाव आहे, हाइ. तो लपवायचा नसतो, उलट त्याच जागेसाठी लोक कान लावून बसतात. पहिल्या रात्री मला ते खटकलं. चौथ्या-पाचव्या रात्री मीही त्याच जागेची वाट बघायला लागले.

आणि ही गाणी असतात कशाची? पुष्कळशी जागांची. अमुक डोंगर, तमुक किनारा, तिथला वारा, तिथला पाऊस. एकेका गावच्या वाऱ्यापावसालाही त्यांच्याकडे वेगळं नाव आहे. ओवी म्हणताना बायका माहेरच्या नदीचं नाव घेतात ना, त्याच मायेनं ती नावं गाण्यात येतात. आता विचार करा, जो माणूस रोज रात्री ही नावं घेऊन गातो, त्याच्या डोळ्यांसमोर त्यातल्याच एका बेटावर बॉम्ब पडत असतील तर त्यानं काय करावं?

ते बेट काहोओलावे. ११६ चौरस किलोमीटरचं, माउई बेटाच्या समोर. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर अमेरिकी लष्करानं ते ताब्यात घेतलं आणि युद्ध संपल्यावरही सोडलं नाही. बोटींवरून, विमानांतून त्यावर सराव चालू राहिला. १९६५ मध्ये तर ५०० टन स्फोटकांचा ढीग किनाऱ्यावर रचून उडवला. तो खड्डा अजून आहे, त्यात खारट पाणी साचलंय. जुनी मंदिरं, कोळ्यांची देवस्थानं, पूर्वजांची हाडं असलेली ही भूमी. तिचं जुनं नावच मुळी समुद्रदेव कानालोआच्या नावावरून आहे.

जानेवारी १९७६ मध्ये नऊ जण बंदी मोडून तिथं उतरले. त्यांत हेल्म होता. त्याआधी मोलोकाईवर जुन्या पायवाटा लोकांना परत मोकळ्या करून द्याव्यात म्हणून जी चळवळ झाली, त्यातही तो होता. पुढे 'प्रोटेक्ट काहोओलावे ओहाना' ही संघटना उभी राहिली, तिचा तो आवाज झाला. ओहाना म्हणजे कुटुंब, गोतावळा.

मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. घरोघरी कुणी ना कुणी लष्करात किंवा गोदीत नोकरीला, अशा समाजात नौदलाविरुद्ध बोलणाऱ्या तरुण पोरांना वडीलधाऱ्यांनी जवळ करणं सोपं नव्हतं. या वडीलधाऱ्यांना तिकडे कुपुना म्हणतात आणि त्यांच्या आशीर्वादाशिवाय पुढे जायचं नाही, हे हेल्मला पक्कं ठाऊक होतं. तो त्यांच्याकडे गेला, गिटार घेऊन. त्यांच्या तरुणपणची गाणी, त्यांच्याच भाषेत. शाळांतून हवाईयन भाषा १८९६ मध्येच हद्दपार झालेली, त्यामुळे नातवंडांच्या वयाच्या मुलाच्या तोंडून ते शब्द येणं म्हणजे काय असेल! आधी गाणं, मग बेटाची गोष्ट. त्यानं पुस्तकं आणि जुने कागद चाळून 'आलोहा आइना', म्हणजे भूमीवरचं प्रेम, हा आजोबा-पणजोबांच्या काळचा शब्दही परत लोकांच्या तोंडी आणला. माणूस हा जमिनीचा केवळ राखणदार आहे, असं तो लिहायचा.

"कलाकारानं गावं, बाकी भानगडीत पडू नये" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. आमच्या घरच्या पंगतीतही परवा झालंच. मला ते मुळातच पटत नाही, आणि हवाईत तर ते कधीच खरं नव्हतं. १८९३ मध्ये राणी लिलीउओकलानी यांना पदच्युत केल्यावर राजघराण्याच्या बँडमधल्या वादकांनी नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घेणं नाकारलं. तेव्हा एलन प्रेंडरगास्ट या बाईंनी त्यांच्यासाठी गाणं रचलं: तुमचा पैसा नको, आम्ही आमच्या भूमीचे दगड खाऊन राहू. राणी स्वतः गाणी रचणारी. हेल्म त्याच परंपरेतला आहे. गाण्यानं लोकांचा जो विश्वास मिळाला, तो त्यानं बेटासाठी खर्च केला. नुसतं नाव कमवायचं असतं तर तो गळा पुरेसा होता.

जानेवारी १९७७ च्या अखेरीस तो पुन्हा बेटावर उतरला. तो परतला, पण बरोबरचे वॉल्टर रिट्टी आणि रिचर्ड सॉयर हे दोघे मागे राहिले. फेब्रुवारीत हेल्म हवाईच्या प्रतिनिधीगृहासमोर बोलला, मग गाऱ्हाणं घेऊन वॉशिंग्टनलाही जाऊन आला. बॉम्बफेक थांबली नाही. मार्चमध्ये मागे राहिलेल्या दोघांना शोधायला तो माउईचा किमो मिचेल आणि आणखी एक साथी यांच्याबरोबर पुन्हा गेला. ते दोघे तोवर बेटावर नव्हतेच. न्यायला बोट आली नाही. ७ मार्चला समुद्र खवळलेला असताना हे सर्फबोर्डवरून माउईकडे निघाले. मधली खाडी जेमतेम ११ किलोमीटरची. तिचं नाव अलालाकेइकी, म्हणजे लेकराचं रडणं. बरोबरचा तिसरा साथी बेटावर परतू शकला. हेल्म आणि किमो पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

या ओळीपाशी मी दोनदा फोन खाली ठेवला.

बॉम्बफेक थांबायला १९९० उजाडलं. १९९४ मध्ये बेट हवाई राज्याला परत मिळालं. नौदलाची साफसफाई जवळपास दहा वर्षं चालली, तरी सुमारे पाव बेटाचा पृष्ठभागसुद्धा स्फोटकांपासून मोकळा झालेला नाही. जमिनीखालचं तर त्याहून कितीतरी जास्त बाकी आहे.

तरी लोक जातात. ओहानाबरोबर स्वयंसेवक होडीनं पहाटे हाकिओआवाच्या किनाऱ्याजवळ पोचतात. धक्का नाही, त्यामुळे पाण्यातच उतरायचं. आधी बेटाची परवानगी मागणारा मंत्र म्हणायचा. मग छातीभर पाण्यात रांग करून सामानाची बोचकी हातोहात किनाऱ्यावर पोचवायची. दिवसभर झाडं लावायची, वाटा साफ करायच्या.

किमोचे वडील हॅरी मिचेल यांनी या बेटाबद्दल एक गाणं रचलं. ते अजूनही गायलं जातं.