‘दा विंची कोड’ म्हणजे दडपलेला इतिहास? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आठवडाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आलाय, आधी आमच्या नौपाड्याच्या सोसायटीच्या, मग माहेरच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या. म्हणे डॅन ब्राऊनची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी नाहीच, तो दडपलेला इतिहास आहे, येशूचं त्याची शिष्या मेरी मॅग्डेलीन हिच्याशी लग्न झालं होतं, त्याचा वंश फ्रान्समध्ये आहे आणि हे गुपित एका गुप्त संघटनेने जपलंय, लेखकाने पहिल्याच पानावर तसं लिहून दिलंय, लंडनच्या कोर्टाने मान्य केलंय, आणि खोटं असतं तर बंदी कशाला घातली असती. खाली अंगठ्यांची रांग.

मला हे पुस्तक मनापासून आवडतं, हे आधीच सांगते. महाप्याला नोकरी होती तेव्हा ट्रान्सहार्बरने जाता-येता वाचलं, एकदा तर कोपरखैरण्याला उतरायचं राहिलं आणि मान वर केली तेव्हा तुर्भे आलं होतं. छोटी छोटी प्रकरणं आणि दर प्रकरणाच्या शेवटी असं काही की पान उलटावंच लागतं. ही कादंबरीकाराची ताकद आहे, पण त्याने इतिहास सिद्ध होत नाही ना.

आता पहिलं पान. माझी प्रत समोर उघडून बसलेय. ‘फॅक्ट’ असं लिहून खाली दिलंय की प्रायरी ऑफ सायन ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना खरी आहे, आणि पुस्तकातली चित्रं, वास्तू, कागदपत्रं, गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत. येशूचं लग्न झालं होतं, त्याचा वंश फ्रान्समध्ये आहे, यातलं एक अक्षर त्या पानावर नाही, म्हणजे मेसेजवाल्याने पान नीट वाचलेलंच नाही. आणि जे लिहिलंय तेही टिकत नाही. ही संघटना १९५६ मध्ये फ्रान्समध्ये आनमास नावाच्या गावात पिएर प्लांतार या माणसाने स्थापन केली आणि रीतसर नोंदवली. तिचं एक पत्रक निघायचं, त्यात स्वस्त घरांचे आणि भाडेकरूंचे प्रश्न असायचे. पुढे याच प्लांतार आणि मंडळींनी लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो वगैरे या संघटनेचे प्रमुख होते अशी यादी असलेले बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवले, ते साल १९६७. समजा उद्या कुणी आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ पासूनची संस्था आहे, एक टाईप केलेली वही देणगी म्हणून दिली की आमचे पूर्वज अमुक राजाचे वारस, आणि काही वर्षांनी दुसरा कुणी म्हणाला की बघा, ग्रंथसंग्रहालयात पुरावा सापडला, तर आपण मानू का? तिथे नेमकं हेच झालंय.

मेसेजमधला पुढचा मुद्दा, ३२५ साली निकायाच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या सभेत, मतदान घेऊन येशूला देव ठरवलं आणि नको ती गॉस्पेल, म्हणजे येशूची चरित्रं, काढून टाकली. अहो, येशूला प्रभू मानणारी पॉल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रं त्याच्या जवळजवळ पावणेतीनशे वर्षं आधीची आहेत. निकायात वाद होता तो पुत्र (येशू) हा पित्याशी (देवाशी) एकरूप आहे की पित्याने निर्माण केलेला आहे याचा, आणि जमलेल्या शेकडो बिशपांपैकी शेवटी सही नाकारणारे दोनच राहिले, म्हणजे अटीतटीचं मतदान वगैरे काही नाही. कुठली पुस्तकं ठेवायची हा विषयच तिथे नव्हता, ईस्टरची तारीख होती. आज बायबलच्या नव्या करारात जी २७ पुस्तकं आहेत नेमकी तीच यादी पहिल्यांदा दिसते ३६७ मध्ये, अथानासियस या बिशपच्या पत्रात.

(पुस्तक वाचायचं बाकी असेल तर हा परिच्छेद सोडा.) मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. निकायाचं, चित्राचं, लग्नाचं हे सगळं पुस्तकात मुख्यतः कोण सांगतं? सर ली टीबिंग. आणि तो शेवटी कोण निघतो? खलनायक! ज्या माणसाने आपल्या वेडापायी खून करवले त्याच्या तोंडचे संवाद आपण इतिहास म्हणून फॉरवर्ड करतोय. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांचंही असंच होतं, लेखकाने पात्राच्या तोंडी घातलेलं वाक्य दहा वर्षांनी बॅनरवर त्या थोर माणसाचे उद्गार म्हणून झळकतं.

चित्राचं थोडक्यात. लिओनार्दोच्या ‘द लास्ट सपर’ या चित्रात येशूशेजारी बसलेली व्यक्ती मेरी मॅग्डेलीन आहे असं पुस्तकात म्हटलंय. ती मेरी असेल तर मग येशूचा शिष्य योहान कुठे गेला? टेबलाशी माणसं मोजा, तेराच आहेत, येशू आणि बारा शिष्य. योहानला दाढी नसलेला कोवळा तरुण दाखवायची त्या काळच्या इटलीत पद्धतच होती. आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या आवारातल्या पिरॅमिडच्या काचा पुस्तकात म्हटल्याप्रमाणे ६६६ नाहीत, ६७३ आहेत.

कोर्टाचा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे. २००६ मध्ये लंडनला केस टाकली ती १९८२ च्या एका पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी दोघांनी, बेजंट आणि ली. येशूच्या वंशाबद्दलची आमची मांडणी ब्राऊनने चोरली म्हणून. (टीबिंग हे नाव बेजंटचीच इंग्रजी अक्षरं फिरवून केलंय आणि ली तर सरळच घेतलंय.) ते हरले, कारण कोर्टाने म्हटलं की त्यांनी सांगितलेली मध्यवर्ती कल्पना फार ढोबळ आहे, तिला कॉपीराइटचं संरक्षण नाही. येशूचा वंश होता की नव्हता हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच.

आणि बंदी. त्याच वर्षी या पुस्तकावरचा सिनेमा आला तेव्हा आपल्या देशात काही राज्यांनी बंदी घातली, सेन्सॉरने ए सर्टिफिकेट देऊन हे काल्पनिक आहे अशी पाटी दाखवायला लावली. मला बंदी तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. पण बंदी लोक दुखावतील या भीतीने घालतात, मजकूर खरा की खोटा याची तपासणी करून नाही.

दुखावण्यावरून सांगते. आमच्या मजल्यावरच्या मावशी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, ठाण्यातच जन्मलेल्या, दर रविवारी तलावपाळीजवळच्या चर्चला जातात. त्याही सोसायटीच्या ग्रुपवर आहेत. मेसेज आला त्या संध्याकाळी दार वाजवून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘तू वाचतेस ना गो पुस्तकं, हे खरंच असं लिवलंय?’ मी त्यांना पहिलं पान दाखवलं, वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, आणि पुस्तकही दिलं. परवा ते परत करताना म्हणाल्या की गोष्ट लई भारी हाय, रात्री दोनपर्यंत जागले. मग ग्रुपवरच्या त्या अंगठ्यांमध्ये आमच्याच मजल्यावरचे कोण कोण आहेत ते त्यांनी मला एकेक नाव घेऊन सांगितलं.