मातीतला कार्बन चालत नाही, चरबीतला आहे की!

आतेबहिणीला पुरातत्त्वात एमए करायचंय. परवा आत्याने एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "हे खरं असेल तर पोरीने दोन वर्षं कशाला घालवायची?" एरवी असल्या मेसेजच्या नादी मी लागत नाही, पण आता लिहिणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं असं: कार्बन डेटिंग मातीवर चालत नाही, म्हणून मध्ययुगीन खापरांची शतकं सगळी अंदाजपंचे. भांड्यात काय शिजायचं तेही कळणं अशक्य. झिलईची भांडी सगळी सारखीच. आणि शेवटी सल्ला: खापरं सापडली तर घरी न्या, अ‍ॅसिडने घासा, शोकेसमध्ये ठेवा.

पहिल्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. भाजलेल्या मातीचं थेट कार्बन डेटिंग भरवशाचं नसतं. तिच्यातला कार्बन भांडं घडण्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो. पण हंडी म्हणजे नुसती माती का? बिनझिलईच्या हंडीत मांस किंवा दूध शिजलं की चरबी तिच्या भिंतीत मुरते आणि शेकडो वर्षं तिथेच राहते. ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने २०२० साली ‘नेचर’मध्ये याचीच पद्धत मांडली. खापराची पूड करायची, त्यातून पामिटिक आणि स्टिअरिक ही दोन मेदाम्लं वेगळी काढायची आणि फक्त त्यांचंच कार्बन डेटिंग करायचं. पडताळाही कडक घेतला. इंग्लंडमधल्या ‘स्वीट ट्रॅक’ या लाकडी वाटेचं साल झाडांच्या वर्तुळांवरून नेमकं ठाऊक आहे, इ.स.पू. ३८०७-०६. तिथल्या भांड्यांतल्या चरबीचं वय त्याच्याशी जुळलं. जी पद्धत पावणेसहा हजार वर्षांवर टिकते, ती मध्ययुगाला घाबरेल होय?

शिवाय थर्मोल्युमिनेसन्स ही भाजलेल्या मातीचं वय काढायची दुसरी पद्धत आहेच. मातीतले क्वार्ट्झचे कण आजूबाजूच्या किरणोत्सारातून ऊर्जा साठवत राहतात. भट्टीत ती पुसली जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत कण तापवले की साठा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो आणि त्या प्रकाशावरून भांडं भाजल्याला किती वर्षं झाली ते काढतात. यात पाच-दहा टक्क्यांची चूक धरावीच लागते. म्हणजे सातशे वर्षांच्या खापरामागे पस्तीस ते सत्तर वर्षं इकडे-तिकडे. एकट्या खापरावरून कुणी नेमकं साल छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर जरूर शंका घ्या. पण चूक किती ते सांगून दिलेलं वय म्हणजे थाप नव्हे.

काय शिजायचं ते कळत नाही? इंग्लंडमधल्या वेस्ट कॉटन या मध्ययुगीन खेड्यातल्या ७३ हंड्यांचे अवशेष तपासले, त्याचा निबंध २०१९ मध्ये आला. गोमांस-मटणाची चरबी, दुधाचे पदार्थ आणि कोबी आणि लीक (कांद्याच्या जातीची भाजी) यांच्या पानांवरचं मेणसुद्धा सापडलं. पुढे बोलायचं कारण नाही.

झिलईचंही तेच. युआन काळातल्या (तेरावं-चौदावं शतक) निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांना निळा रंग देणाऱ्या, बाहेरून आणलेल्या कोबाल्टमध्ये लोह जास्त आणि मँगनीज कमी असतं. चीनमधल्या कोबाल्टचं याच्या उलट. एक्स-रे फ्लुरोसन्सने (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखायच्या पद्धतीने) हे भांड्याला ओरखडाही न काढता दिसतं. म्हणे सगळी सारखीच!

आता तो सल्ला. डोकं फिरलं ते इथे. अ‍ॅसिडने मातीत मिसळलेले चुनखडीचे कण विरघळतात, झिलई खराब होते. नुसतं हाताळलं तरी बोटांचं तेल पृष्ठभागाला लागतं. म्हणून चरबी तपासताना वरचा थर आधी खरवडून टाकावा लागतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे खापर जागेवरून उचलणं. कोणत्या थरात, कोणत्या नाण्याशेजारी, कोणत्या चुलीजवळ ते होतं, ही माहिती तिथेच संपते. थर्मोल्युमिनेसन्ससाठी तर खापर ज्या मातीत पडून होतं तिचा किरणोत्सारही मोजावा लागतो. म्हणून या तपासणीचा नमुना घेताना खापराबरोबर त्याच्या भोवतालची मातीही पिशवीत भरून नेतात. शोकेसमधल्या खापराची ती माती कुठून आणणार?