नडगी, वाटी आणि २०६ हाडं

पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावर २०२५ मध्ये महाराष्ट्रात रान पेटलं आणि जूनअखेर सरकारने दोन्ही शासननिर्णय मागे घेतले. तो धुरळा बसला तरी विज्ञान मराठीतून की सेमी-इंग्रजीतून, हा जुना वाद जिथल्या तिथे आहे. इंग्लंडमधून तो ऐकताना वाटतं, दोन्ही बाजू शब्दांवरून भांडताहेत आणि त्या वेळी मुलाचा हात कुठे आहे याकडे कुणाचं लक्ष नाही. सांगाड्याचा विषय घेतला की हे लख्ख दिसतं.

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सांगाडा येतो तिसऱ्या वर्षात, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना. अपेक्षा एका वाक्याची आहे: माणसाला आणि काही प्राण्यांना सांगाडा आणि स्नायू असतात, ते आधारासाठी, संरक्षणासाठी आणि हालचालीसाठी. संपलं. हाडं किती, हे त्यात नाही. आपल्याकडे बालभारतीच्या सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘आपली अस्थिसंस्था व त्वचा’ हा धडा आहे. पण ‘शरीरात हाडं किती?’ हा प्रश्न मुलाला पहिलीपासूनच येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा विचारतो आणि ‘दोनशे सहा’ ऐकून खूश होतो.

गंमत म्हणजे उत्तर देणाऱ्या त्या मुलाच्या अंगात २०६ हाडं नसतातच. २०६ हा प्रौढाचा आकडा. जन्मतः सुटे भाग पावणेतीनशे ते तीनशेच्या घरात असतात आणि ते हळूहळू सांधत जातात. कमरेचं हाड मोठेपणी दोन्ही बाजूंना एकेक दिसतं, पण आठ वर्षांच्या मुलात ते दर बाजूला तीन तुकड्यांचं असतं. त्रिकास्थीचे, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाचे, पाच मणके तर विशीच्या आसपास एकजीव होतात. बाळाची टाळू भरणाऱ्या आजीला हे पुस्तकाविना ठाऊक असतं: कवटीच्या हाडांमधली ती मऊ जागा साधारण वर्ष-दीड वर्षात बुजते. आकडा सांगायचाच असेल तर दुसरा सांगा. दोन हातांत २७-२७ आणि दोन पावलांत २६-२६, म्हणजे १०६. निम्म्याहून अधिक हाडं मनगटाच्या आणि घोट्याच्या पुढे आहेत. का, हे मुलाला शर्टाची गुंडी लावताना कळतं.

आता शब्द. सेमी-इंग्रजीचा पालक म्हणतो, गुडघ्याच्या वाटीला पुढे ‘पटेला’च म्हणायचंय तर आत्ताच म्हणू दे. मराठीचा कैवारी ‘जान्वस्थी’ पुढे करतो. पण लॅटिनमध्ये ‘पटेला’चा अर्थच मुळी लहान ताटली. रोमन लोकांनी गुडघ्याच्या हाडाला स्वयंपाकघरातलं नाव दिलं, जसं आपण ‘वाटी’ म्हणतो. टिबिया म्हणजे नडगी, आणि त्यांच्याकडे बासरीलाही तोच शब्द. हे आपल्याकडे आधीपासून आहे: नडगी, वाटी, बरगडी, मणका, कवटी, जबडा, कोपर, घोटा, टाच आणि सगळ्यांत लाडकं माकडहाड. हे शब्द ऐकले की मुलाचा हात आपोआप त्या जागी जातो. ‘अस्थी’ म्हटलं की मराठी घरातल्या मुलाला आठवतं ते विसर्जन. ते ओझं सात वर्षांच्या पोरावर कशाला? सांध्यांची नावं ठेवताना मात्र आपल्या परिभाषेने शहाणपण दाखवलं आहे. बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा. खांदा उखळ-मुसळासारखा फिरतो, हे समजवावं लागत नाही (उखळ पाहिलेलं मूल सापडलं तर).

इकडे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. इथल्या वर्गांतली हुकमी कृती म्हणजे छापील सांगाडा कापायचा आणि पितळी दुपायी पिनांनी जोडायचा. त्यात खांदा, कोपर, गुडघा सगळे सारखेच गरगर फिरतात. गुडघा पुढेही दुमडतो आणि मूल चुकीचं शिकून घरी जातं. उपाय सोपा: पायाची आकृती बाजूने दिसणारी घ्या आणि नडगीच्या कागदामागे, वरच्या टोकाला पुठ्ठ्याची पट्टी अशी चिकटवा की ती मांडीच्या पुढच्या कडेला अडेल; मग पाय फक्त मागे वळतो. सांधा कळण्यासाठी याहून चांगली गोष्ट रद्दीत मिळते. वर्तमानपत्राचे आठ-दहा कागद कोपराभोवती घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावायची आणि म्हणायचं, आता नाकाला हात लाव. एका मिनिटात बिजागरीचं काम कळतं.

विषय सुरू करण्याआधी मुलांकडून एक चित्र काढून घ्यावं. वर्तमानपत्राचे चार पूर्ण पसरलेले कागद चिकटवायचे, एका मुलाला त्यावर झोपवून कडा आखायची आणि आत हाडं काढायला सांगायची. कार्टूनमधल्या कुत्र्याच्या तोंडात असतात तशी दोन्ही टोकांना गोळे असलेली हाडं सुटी-सुटी पोहताना दिसतात. पाठीत एकच लांब दांडा असतो. शिकवायचं काय, ते हे चित्र सांगतं.

त्या एका दांड्याचे २४ मणके करायला पाण्याच्या बाटल्यांची २४ झाकणं लागतात, तीन रंगांची: मानेची ७, पाठीची १२, कमरेची ५. शिक्षकानेच तापल्या खिळ्याने मधोमध भोक पाडावं. जुन्या रबरी चपलेच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या आणि पाऊण मीटर इलॅस्टिकमध्ये झाकण-चकती ओवत जायचं. वरच्या दोन झाकणांमध्ये चकती घालायची नाही. खऱ्या मानेतही तिथे नसते, आणि ‘नाही’ म्हणत मान हलवतो तेव्हा फिरणं मुख्यतः तिथेच होतं. सुतळी वापरली तर वाकवलेला कणा परत सरळ होत नाही. इलॅस्टिक फार ताणलं तर चकत्या दबून काठी होते. भोक मध्यावर नसेल तर सगळी रांग एका अंगाला कलते. सर्वांत मोठी चूक डोक्यात होते: मुलं मधल्या इलॅस्टिकलाच मज्जारज्जू समजतात. तो मणक्याच्या मुख्य गोळ्यामागच्या पोकळीतून जातो. म्हणून प्रत्येक झाकणाला कडेजवळ दुसरं भोक पाडून त्यातून लोकरीचा धागा ओवा. मग चकत्या काढून कणा वाकवायला द्या. झाकणं एकमेकांवर घासल्याचा आवाज येतो.

हाड कशाचं बनलंय, हे दाखवायला इकडे कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये ठेवतात. पंखाचं हाड घ्या, मांस खरवडून. ४-५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर हाड बुडेल इतकं घाला, तिसऱ्या दिवशी बदला. पंखाचं हाड चार-पाच दिवसांत रबरासारखं वाकतं, कारण त्यातला कडक चुना विरघळतो आणि कोलॅजेनचे लवचीक धागे उरतात; तंगडीचं आठ-दहा दिवस घेतं. बुडबुडे कर्बवायूचे असतात, म्हणून बरणीचं झाकण घट्ट लावू नये. कुकरच्या चार शिट्ट्या झालेलं हाड चालत नाही: वाकवणारं कोलॅजेन बरंचसं आधीच रश्श्यात उतरलेलं असतं, त्यामुळे ते भुगा होतं. तुलनेसाठी दुसरं हाड पाण्यात ठेवू नका, आपल्या हवेत दोन दिवसांत वर्ग सोडावा लागेल, वाळवलेलं ठेवा. हाताळल्यावर साबणाने हात धुणं आलंच.

शालेय पोषण आहारात अंडं असावं की नाही यावर जिथे २०२३ पासून ओढाताण चालू आहे, तिथे वर्गात कोंबडीचं हाड नेणं सगळीकडे जमणार नाही, हे मान्य. मग खडू घ्या. नुसता खडू कट्कन मोडतो. दुसऱ्याला सुती पट्टी फेविकॉलने गुंडाळून रात्रभर वाळवा. तो तडकतो, पण तुकडे पडत नाहीत. चुना आणि धागा यांची जोडी समजायला हे पुरतं. व्हिनेगरमध्ये मात्र खडू टाकू नका, बाजारातले बरेच खडू जिप्समचे असतात आणि त्यातून बुडबुडे येत नाहीत.

एका बाबतीत महाराष्ट्रातली शाळा इथल्या शाळेपेक्षा श्रीमंत आहे. इथे एक्स-रे रुग्णालयाच्या संगणकात राहतो, घरी काही येत नाही. आपल्याकडे कपाटावर, गादीखाली, लग्नाच्या अल्बमशेजारी फिल्म जपलेली असते. पालकांकडून चार-पाच मागवा, नावावर काळी पट्टी चिकटवा, खिडकीच्या काचेला लावा. त्यात एक मोठ्या माणसाच्या हाताची आणि एक मुलाच्या हाताची असेल तर बाकी काही नको. मोठ्या मनगटात आठ छोटी हाडं दिसतात, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या फिल्ममध्ये बहुधा एखादं कमीच, कारण ते अजून कूर्चेचं, म्हणजे हाड होण्याआधीच्या मऊ भागाचं, असतं आणि कूर्चा फिल्मवर उमटत नाही. सोळा वर्षांखालच्या क्रिकेटपटूंचं वय बीसीसीआय मनगटाच्या एक्स-रेवरून पडताळतं ते याच आधारावर. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही काचेपाशी येतात. फक्त आधीच सांगून ठेवा की मुलाच्या हाडाच्या टोकाशी दिसणारी काळी फट ही वाढीची जागा आहे. नाहीतर अर्धा वर्ग म्हणतो, बाई, याचा हात तर मोडलाय.